दाब किती आहे?

साठी उलटल्यावर आमची आत्या पोहायला शिकली आणि ही गोष्ट तिने सख्ख्या भावापासून लपवून ठेवली. भाऊ म्हणजे आमचे बाबा. बहिणीच्या बाबतीत त्यांचं लहानपणापासून एकच पालुपद: "तुला जमायचं नाही." सायकल, गाणं, मोटार चालवणं, सगळ्यावर तोच शिक्का. ती मुकाट्याने सगळं शिकली. बघायला मात्र बाबा कधी गेले नाहीत.

रविवारी सकाळी चहाच्या कपात बघत आत्या म्हणाली, "दादा, आज संध्याकाळी मी तुमच्या तलावात या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहणार. तू काठावर उभं राहायचं."

"तुला जमायचं नाही."

"म्हणूनच उभं राहायचं."

उद्या ती मायदेशी परत जाणार होती. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

अडचण पाण्याची होती. पाणी गाळणारा जुना पंप जळाल्यापासून परदेशातल्या आमच्या घरामागचा हा पोहण्याचा तलाव ताकासारखा दिसत होता. आत्याने वाकून पाहिलं. "तळ दिसल्याशिवाय मी उतरणार नाही. असल्या पाण्यात म्हशी उतरतात."

"दिसेल!" मी छाती काढून म्हणालो. मेहुण्याने दिलेला पंप मी आदल्याच दिवशी बसवला होता. टाकून देववत नाहीत अशा वस्तू मेहुणा आम्हाला भेट देतो. मी बटण दाबलं. पंप नुसता गुरगुरला. फिरायचं नाव नाही. बंद केला आणि मेहुण्याला फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला, इथेच चुकलो.

बाबा मराठीचे निवृत्त प्राध्यापक. मराठी शब्द असताना इंग्रजी वापरायचा नाही, हा घरचा कायदा. फ्रिज म्हणजे शीतकपाट. त्यातलं आइस्क्रीम मात्र ते आइस्क्रीम म्हणूनच खातात. व्होल्टेजला आमच्याकडे 'दाब' म्हणतात, आणि हे मेहुण्याला दोनदा बोलणी खाऊन पाठ झालं होतं.

"काका आहेत का जवळ?" त्याने सावधपणे विचारलं.

"आहे," बाबा म्हणाले.

"मग... दाजी, आधी दाब बघा किती आहे."

बाबा तरुणासारखे धावले ते थेट गाळणीच्या टाकीवरच्या, पाण्याचा दाब दाखवणाऱ्या तबकडीकडे. "शून्य!"

"शून्य कसा असेल काका? नीट बघा."

"अरे, काटा झोपलाय!"

"मग तुमच्या घरात दिवे कसे लागतात?"

"दिव्यांचा इथे काय संबंध?"

"दिव्यांचाच तर संबंध! आमच्याकडे दाब जास्त होता. तुमचा निम्मा असणार. तो बदलायला हवा."

"निम्मा?" आत्या किंचाळली. "खबरदार! परवाच डॉक्टरांनी त्याच्या गोळ्या बदलल्यात. त्याच्या दाबाला कुणी हात लावायचा नाही!"

"पंपाला गोळ्या?" फोनमधून आवाज आला.

तीन माणसं तीन दाबांबद्दल बोलत होती आणि तिघांचंही बरोबर होतं. मला सगळं कळत होतं. पण तो शब्द उच्चारला की बाबा व्युत्पत्तीपासून सुरुवात करतील आणि संध्याकाळ तिथेच होईल, या भीतीने मी गप्प.

"व्होल्टेज!" दारातून बायको ओरडली. ती पदार्थविज्ञान शिकवते. तिच्या पर्समध्ये कंगव्याशेजारी मीटर असतो. "व्होल्टेज म्हणतोय तो!"

जणू घरात कुणी शिवी दिली होती. बाबांनी सुनेकडे पाहिलं, मग ताकासारख्या पाण्याकडे, मग पोहण्याचा पोशाख छातीशी धरून उभ्या असलेल्या बहिणीकडे.

"मग उभे काय राहिलात?" ते गरजले. "व्होल्टेज बदला! लवकर!"

बायकोने आधी लाइन मोजली: ११५, इकडे घरोघरी असतं तेवढंच. मग मेन बंद केला, तारांत वीज उरली नाही याची मीटरने खात्री केली आणि पंपाच्या पाठीवरचं झाकण काढलं. आत बाण असलेला एक इवलासा प्लग होता. बाण होता मेहुण्याकडच्या २३०वर. तिने प्लग उपटला, फिरवला आणि बाण ११५वर आणून घट्ट बसवला. झाकणाचे स्क्रू बाबांनी चिमणीची पिल्लं धरावीत तसे ओंजळीत धरले होते. झाकण लागलं. मेन चालू. मी डोळे मिटून बटण दाबलं.

पंप असा काही दणाणला की आम्ही चौघंही ओरडलो. फोनमध्ये मेहुणाही ओरडला, कशाबद्दल ते न कळता. बाबा तबकडीपाशी ठाण मांडून बसले. "काटा उठला! अजून उठला!" दुपारी जेवायलाही ते तिथून हलेनात, ताट तिकडेच न्यावं लागलं.

उन्हं कलली तेव्हा निळ्या फरशा दिसायला लागल्या आणि मागच्या वर्षी हरवलेला माझा चष्माही. आत्या पायऱ्या उतरली आणि निघाली. पहिले चार हात झोकात. मध्यावर दम लागला, तोंड वाकडं झालं, एक पाय खाली गेला.

"हात मार!" बाबा काठावरून तिच्या बरोबरीने चालत होते, मग धावत. "अगं, हात मार! थांबू नकोस! आलं, आलं टोक!"

तिने काठ धरला. बाबा चपलांसकट त्या टोकाच्या वरच्या पायरीवर उतरले होते, पाण्यात, हात पुढे करून.

मग तिने केसांतलं पाणी झटकलं आणि त्यांचा हात बाजूला सारला.

"सरक तिकडे दादा. परत जायचंय मला."