खुर्चीत कोण बसलंय?

आमच्या नाटक कंपनीत मालकांचा एक नियम होता. रंग लागत असताना खुर्चीत बसलेल्याने तोंड उघडायचं नाही. मालक स्वतः राजा होतात, आणि खुर्चीत बडबड केली की अंगात भिनलेली भूमिका उतरते असं त्यांचं म्हणणं. मी इथली रंगभूषा करणारी. आजारी पडेपर्यंत मलाही त्या नियमाचं काही वाटलं नव्हतं.

आजार म्हणजे मेंदूत रक्ताची बारीकशी गुठळी अडकली. हातपाय वाचले, जीभ तर चांगलीच वाचली. गेले ते चेहरे. म्हणजे नाक दिसतं, भुवई दिसते, गालावरचा तीळही दिसतो, पण सगळं मिळून हे कोण, ते काही केल्या येत नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, मेंदूत एक जागा चेहरा बघते, दुसरी त्या माणसाची माहिती सांभाळते, तिसरीत त्याच्याबद्दलची माया असते. "खोल्या शाबूत आहेत तुमच्या," त्या म्हणाल्या, "मधली दारं अडकलीत. आवाज दुसऱ्या दाराने आत जातो, तो जाईल." म्हणजे माझी माणसं माझ्याकडेच होती. मी तिथेच रडले.

पण कामावर सगळ्यांना गळ्यापर्यंत पांढरी चादर, केसांवर टोपी आणि वर मालकांचा नियम. परतल्यावर पहिल्याच प्रयोगात राजमातेच्या सुरकुत्या मी राणीच्या कपाळावर काढल्या. तीही मूग गिळून बसली, मालकांनीच काही नवं ठरवलं असेल म्हणून. रंगमंचावर मालकांनी तिची हनुवटी वर केली आणि प्रेमाचं वाक्यच विसरले. लोक पोट धरधरून हसले.

मी मालकांना सगळं खरं सांगितलं. म्हटलं, खुर्चीत बसणाऱ्याने आपल्या भूमिकेतलं एक वाक्य म्हणावं, म्हणजे झालं.

"नियम म्हणजे नियम. तुम्ही आता घरी आराम करा, बाई."

"आराम मेल्यावर करीन."

"मग उद्या एकाला खुर्चीत बसवतो. गप्प. ओळखलंत तर राहा, नाहीतर सामान आवरा."

दुसऱ्या दिवशी रंगाच्या खोलीत सगळी कंपनी जमली. खुर्चीत एक तरुण मुलगी. सरळ नाक, डाव्या भुवईत बारीक खाच. अंदाजाने कुणाचं तरी नाव ठोकून देता आलं असतं. पण मी कुठे जत्रेत भविष्य सांगायला बसले होते?

"नाही ओळखत," मी म्हणाले.

"आई," ती म्हणाली.

तो आवाज कानावर पडला आणि समोरचा चेहरा माझ्या लेकीचा झाला. ती खाच पाळण्यातून पडली तेव्हाची. मालकांनी तिला 'आईची मदत होईल' असं सांगून बोलावलं होतं. खोलीत कुणी मान वर करेना.

"पोटची पोर ओळखू येत नाही, बाई," मालक म्हणाले. "आता तरी ऐका."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "तिने तोंड उघडलं आणि मी ओळखलं की नाही? मग अडतंय कुठे? माझ्या डोक्यात की तुमच्या नियमात?"

लेकीने चादरीलाच नाक पुसलं. "मी रोज दारातूनच हाक मारत घरात येते, मालक. त्यात काय एवढं?"

प्रयोगाची वेळ होत आली होती. कंपनीत पहिला रंग मालकांना, आणि ती राजाची दाढी माझ्याशिवाय कुणाला चिकटवता येत नाही. लेक उठली, ते बसले. चादर गळ्यापर्यंत, ओठ घट्ट. ते मालकच आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं, आत्ताच तर माझ्यादेखत खुर्चीत बसले होते. तरी मी ब्रश खाली ठेवला आणि हाताची घडी घातली.

"खुर्चीत कोण बसलंय?"

ते आरशातून माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिले. मीही बघत राहिले. बाहेर प्रेक्षक जागा शोधत होते. मग मागून राणीने आपलं पहिलं वाक्य म्हटलं, मोठ्याने, स्पष्ट. तिच्यामागून राजमातेने. मग सेनापती, मग दासी, एकेक करून सगळे बोलले. उरले ते खुर्चीतले.

शेवटी ते राजाचं वाक्य पुटपुटले, "दरबार भरवा."

मी ब्रश उचलला. "हनुवटी वर करा, मालक."