पिंपातलं बी

“काका, पाणी साफच होत नाही. इतका वास येतो, की सोसायटीतले लोक मला फोन करून...” ऋताला मराठी शब्द सुचेना.

“शिव्या देतात,” उदय म्हणाला.

ऋता कोलकात्यातच वाढलेली; तिथल्या न्यू टाउनमधल्या एका गृहसंकुलाचा सांडपाणी प्रकल्प सांभाळायची. तिथे कुणीतरी गटारात ॲसिड ओतलं आणि टाकीतले घाण खाऊन पाणी साफ करणारे जिवाणू मेले. आता दुसरीकडून जिवंत गाळ आणून घालायला हवा होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेहालातल्या बिस्किट कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीवर उदयची चोवीस वर्षं गेली होती. कारखाना शनिवारी कायमचा बंद होणार होता.

त्याने ग्लासभर तपकिरी गाळ काढून तिच्यापुढे धरला. “वास घे.”

“ओल्या मातीसारखा.”

“असा वास आला, की समजायचं मंडळी खूश आहेत.”

लॉकडाउनमध्येही त्याने हा वास जाऊ दिला नव्हता. कारखाना बंद, सांडपाणी नाही, म्हणजे जिवाणू उपाशी. सगळी टाकी जगवणं शक्यच नव्हतं. त्याने घरी एका पिंपात थोडा गाळ राखला, त्यात माशांच्या पेटीतला हवेचा पंप सोडला. त्याची बायको प्रेमलता रोज सकाळी त्या जिवाणूंसाठी पातळ पेज शिजवायची, वर गुळाचा खडा टाकायची.

“गूळ कशाला?” तो विचारायचा.

“नुसती पेज तुम्ही तरी खाता का?”

कारखाना उघडल्यावर त्या पिंपातल्या गाळावरच टाकी पुन्हा उभी राहिली. प्रेमलताला जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

“घेऊन जा,” उदय म्हणाला. “पण टँकरबरोबर मी येणार. हवेशिवाय ही मंडळी फार वेळ तग धरत नाहीत.”

बायपासवर गाड्या खोळंबल्या. उदय ड्रायव्हरशेजारी सारखा घड्याळ बघत बसला. न्यू टाउनला पोचताच त्याने स्वतः पाइप जोडला आणि बुडबुड्यांत गाळ मिसळेपर्यंत जागचा हलला नाही.

तीन आठवड्यांनी ऋताचा फोन आला. तो दोन बस बदलून गेला. तिने टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याने भरलेलं काचेचं बीकर त्याच्या हातात दिलं. त्याने ते उजेडात धरलं. पलीकडची हिरवळ स्वच्छ दिसत होती.

“काका, जेवूनच जा. आईनं डबा जास्त दिलाय.”

“नको गं, घरी वाट...”

तो मध्येच थांबला. बीकर हळूच टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढून घेतली.

“काय दिलंय आईनं?” त्याने विचारलं.