हाकेतला बा

०००

टेपरेकॉर्डरला आकड्यांची एक लहान खिडकी असते. कॅसेट सरकते तसे आकडे पुढे जातात. माझी गाणी मी नावांनी ओळखत नाही, या आकड्यांनी ओळखते. शून्यापासून जात्यावरचं. साठपासून हळदीचं. एकशे दहाला 'बा'.

०१८

कर्नाटकाच्या हद्दीतल्या आळंदला आमच्या घराची मागची खोली ज्वारीच्या पोत्यांची. पोती असली की आवाज घुमत नाही, हे मला कुणी शिकवलं नाही. दाराला वाकळ टांगायची, पंखा बंद करायचा, कोंबड्या डालग्याखाली. माझी आई बाणूबाई उंबऱ्याबाहेर बसायची आणि कुणी आलंच तर नुसता हात वर करायची.

एका कॅसेट कंपनीचा माणूस एकदा गाणी ऐकून गेला होता. म्हणाला, "ताई, हे धड मराठी न्हाई, धड कन्नड न्हाई. दुकानात कुठल्या खणात ठिवू?"

त्यानंतर मी कुणाला विचारलं नाही. दिवसा ब्लाउज शिवायचे, सवड मिळाली की गायचं. प्रती काढून द्यायचे बंडेप्पा अण्णा. बाजारात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि टेपरेकॉर्डरही त्यांचाच. मी दिलेलं गाणं कुठल्या गावात, कुणाच्या घरात वाजतं, हे मला कधी कळायचं नाही. कळू नये असंच वाटायचं.

११०

मेंढरं वाड्यात आली, बा,
काठी दारात आली, बा,
तू तेवढा मागं राह्यलास, बा.

रेवणप्पा माझा बाप. गल्ली त्याला अप्पा म्हणायची. बा म्हणणारी मी एकटी. ती सवय मी आजोळाहून आणलेली. चौऱ्याण्णव साली तो मेंढरं घेऊन जहिराबादच्या बाजूला चरायला गेला आणि तिकडेच तापाने गेला. सोबतच्या माणसांनी त्याला तिथेच कुठेतरी मातीत ठेवला. मेंढरं परत आली. काठी आली. पुढे दोनदा मी त्या बाजूला जाऊन आले, पण ती जागा मला कुणी नीट दाखवू शकलं नाही.

मग हे गाणं केलं. त्याला ठेवायला माझ्याकडे दुसरी जागा नव्हती.

११०, दुसऱ्यांदा

नव्याण्णव साल. बाजाराचा दिवस. अण्णांनी निरोप पाठवला, कडगंचीहून एक बाई आली आहे, तुला बघितल्याशिवाय जाणार नाही म्हणते.

साठीची बाई दुकानाच्या पायरीवर बसली होती. नाव सिद्धव्वा.

"गाती ती हीच व्हय?"

"हीच," अण्णा म्हणाले. "गान्यानंबी रडवती, ब्लाउज आखूड शिवूनबी रडवती."

सिद्धव्वा हसली नाही. तिने माझा हात धरला. "यव्वा, माझ्या लेकाला बोलावलीस. त्यो गेलाय म्हनून तुला कुनी सांगितलं?"

मी अण्णांकडे बघितलं.

"माझा चन्नवीर. पुण्याला बिगारी कामाला गेला. सहा वर्सं झाली, कागुद न्हाई, निरोप न्हाई. तू बोलावलीस न्हवं, बा, बा म्हनून? मागं राह्यलास म्हनून?"

कन्नडमध्ये 'बा' म्हणजे 'ये'. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला मी दिवसातून वीसदा 'बा अक्का, बा' म्हणते. तेच तोंड, तोच आवाज. तरी गाण्यातल्या 'बा'ला तो अर्थ मी कधी लावूनच बघितला नव्हता. पाच वर्षं मी माझ्या बापाला हाक मारत होते आणि ऐकणाऱ्यांपैकी निम्मी माणसं आपापल्या माणसाला बोलावत होती.

"त्यात त्याचं नाव घाल," ती म्हणाली. "पुण्याच्या लक्झरीत टेप लागती. साइटीवरची मानसं त्यातनंच जात्यात. कुनीतरी ऐकंल. त्याला सांगंल."

मी म्हटलं, पुढच्या बाजाराला सांगते.

११०, घरी

"घाल की नाव," आई म्हणाली. "आपलं काय जायलंय?"

"बा जायलाय, आई."

ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

"म्या त्याचा टाक करून देव्हाऱ्यात बसवला. सणासुदीला निवद दावते. माझा घरी आलाय त्यो." एक खडा बाजूला टाकला. "तूच त्याला वाटंवर ठिवलीस. किती वर्सं उभा करशील?"

मला राग आला. चांदीच्या एवढ्याशा पत्र्यावर तिचं भागलं, माझं भागत नव्हतं.

११०, बाजारात

"सिद्धव्वा, ते गाणं तुझ्या लेकाचं न्हाई. माझ्या बाचं हाय. मराठीतला बा. त्यो मेलाय."

अण्णांनी हातातली डाग द्यायची सळई खाली ठेवली.

सिद्धव्वा रस्त्याकडे बघत म्हणाली, "मेलेला बोलावल्यावर येतो व्हय?"

"न्हाई."

"माझा येईल की. मग हाक कुनाला द्यायची? तूच सांग."

त्यात टोमणा नव्हता. गिरणीत आधी कुणाचं दळण घ्यायचं, असं विचारावं तसं तिने विचारलं.

११०, पोत्यांच्या खोलीत

सिद्धव्वा घरी आली, सोबत अण्णाही. मी चन्नवीरचं नाव घालून गायला लागले. दुसऱ्या ओळीला तिने मांडीवर हात मारून थांबवलं.

"हे रडनं झालं. आई असं बोलावती का कुठं? जेवायला बोलावल्यागत म्हन." आणि तिनेच म्हणून दाखवलं. "बा, यप्पा, बा."

यप्पा म्हणजे बापच. इकडच्या आया लेकाला लाडानं बाप म्हणतात. मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा एकदा. माझा 'बा' शेवटी खाली उतरत होता, तिचा वर चढत होता. मी चारदा प्रयत्न केला. चढवलेला सूर माझ्या गळ्यात नाटकी वाटत होता. पाच वर्षं ज्याला मी गाणं म्हणत होते, त्यात समोरून कुणी येईल ही अपेक्षाच नव्हती.

अण्णा म्हणाले, "फुडं कॅसेट कोरी हाय की. धनलक्ष्मी, तुझं राहू दे तिथंच, हिचं मागनं भर. दोनी राहत्यात."

"न्हाई," सिद्धव्वा म्हणाली. "मेलेल्याच्या मागं माझ्या लेकाला उभा करू नगा."

ती खरं बोलत होती. लक्झरीत आधी माझं वाजेल, मग तिचं. अर्धवट झोपेत ऐकणाऱ्याला एकच गाणं वाटेल, कुणी मेल्याचं. चन्नवीरच्या कानावर ते तसंच पडलं तर तो कशाला येईल? त्याला वाटेल, घरी कुणी उरलंच नाही.

बाजारात गेलेल्या प्रती परत मागता येत नाहीत. उमरग्याकडे, औरादकडे कुठेतरी माझा बा वाजत राहील आणि तिथली माणसं त्याला जे समजायचं ते समजतील. त्यावर माझा हक्क नाही. तो पहिल्या प्रतीबरोबरच गेला होता, मला कळलं नव्हतं. माझ्या हातात होती ती ही एक मूळ कॅसेट, जिच्यावरून पुढच्या सगळ्या प्रती निघणार होत्या.

मी ती फिरवून एकशे दहाला मागे घेतली. 'बा' एकदा पूर्ण ऐकलं. आई बाहेरून आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिने माझं हे गाणं त्याआधी कधी शेवटापर्यंत ऐकलं नव्हतं. ते संपल्यावर ती पदर सारखा करून पुन्हा बाहेर गेली.

कॅसेट पुन्हा एकशे दहाला मागे घेतली. अण्णा बटणांकडे हात नेत होते. मी त्यांना थांबवलं. भरायचं असलं की दोन बटणं एकदम दाबावी लागतात, आणि तिथलं जुनं पुसलं जातं. ती मी दाबली.

मी गायले नाही. माइक सिद्धव्वाच्या तोंडासमोर धरला. तिने पदराने ओठ पुसले.

"जोरात म्हनू का?"

"म्हन," मी म्हटलं. "पुणं लांब हाय."