चिमणीच्या पायाखालचा पाट

मित्रांनो, बसायच्या कामी कधीच न आलेला मी एक जुना पाट आहे. मी फक्त पाय टेकवण्यासाठी. एका मोडक्या दाराच्या फळीतून माझा जन्म झाला. मला घडवणारे सुतार कामाला पक्के होते. त्यांची एकुलती एक लेक मात्र इतकी ठेंगणी, की सारे तिला चिमणीच म्हणत.

चिमणी एका दवाखान्यात कॉम्प्युटरवर रिपोर्ट टाइप करायची. एकदा तिचे वडील तिथले कपाट दुरुस्त करायला आले आणि बघतच राहिले. लेकीचे पाय जमिनीला पुरत नव्हते. ते टेकावेत म्हणून ती खुर्चीच्या कडेवर सरकली होती. पाठ अधांतरी, मान पडद्याकडे ताणलेली.

"खुर्ची खाली कर की," ते म्हणाले.

"मग टेबल छातीशी येतं, बाबा."

चार दिवसांनी ते मला घेऊन आले. माझा उतार बेताचा होता आणि कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या. मला टेबलाखाली सरकवत ते म्हणाले, "आधी पाय टेकव, चिमणे. पाय टेकले की पाठ आपोआप मागे टेकते. आणि दर अर्ध्या तासाने उठत जा, खुर्चीला चिकटून बसू नकोस."

महिनाभरात तिची कंबर दुखायची थांबली. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "तुझ्या बाबांना सांग, मलाही एक हवाय." तेव्हा मी किती खूश झालो होतो!

माझे ते सुख सहा महिनेच टिकले. नवे साहेब आले. "हे लाकूड इथे कशाला? सगळी टेबलं एकसारखी दिसली पाहिजेत," ते म्हणाले. चिमणीने तोंड उघडले, पण शब्द फुटला नाही. शिपायाने मला कपाटामागे सारले.

तिथल्या फटीतून मी तीन वर्षे तिला पाहत होतो. ती पुन्हा कडेवर सरकली, पुन्हा वाकली. दुपारी वडिलांचा फोन यायचा.

"पाट आहे ना गं पायाखाली?" त्यांचा आवाज मला ऐकू यायचा.

"आहे, बाबा," ती म्हणायची.

मला ओरडावेसे वाटे, पण लाकडाला कुठली वाचा? पुढे तिची कळ कमरेतून पोटरीत उतरली. ती टेबल धरून उभी राहू लागली. एका सकाळी तिला खुर्चीतून उठताच येईना. दोघांनी धरून नेले, ती परत आलीच नाही.

तिचे सामान न्यायला वडील आले. डबा, चष्मा, स्वेटर पिशवीत भरून ते टेबलाखाली वाकले. तिथे काहीच नव्हते. शिपायाने मान खाली घालून मला बाहेर ओढले. वडिलांनी बाहीने माझी धूळ पुसली.

"पॉलिशसुद्धा गेलं नाही याचं," ते हळूच म्हणाले.

घरी चिमणी अंथरुणावर होती. ऑपरेशन झाले होते, तरी तिला दहा मिनिटेही बसवत नव्हते. नोकरी गेली होती. मला पाहताच तिने भिंतीकडे तोंड फिरवले.

"साहेबांना सांगायला हवं होतं, बाबा."

"मला तरी सांगायचंस, पोरी."

मित्रांनो, पाय टेकून, पाठ टेकून बसा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी एवढेच विनवतो, की दुखू लागले तर गप्प बसू नका. दोन वर्षे झाली, मी तिच्या खाटेशी पडून आहे. तिचे पाय अजून खाली आलेले नाहीत.