बंद स्पीकरला दाद

"वा! क्या बात है!" सुहासिनीबाई म्हणाल्या आणि त्यांचा उजवा हात अलगद मांडीवर उतरला. डोळे मिटलेलेच होते.

"बहोत खूब!" शेजारच्या खुर्चीतून त्र्यंबकराव म्हणाले.

सुहासिनीबाईंनी डोळे उघडले, तर सोनल आपला छोटा स्पीकर हातात घेऊन त्यांच्याकडे बघत उभी होती.

"काकू, अहो बंद पडलाय हा," ती म्हणाली. "चार्जिंग गेलं. मघाशीच."

आता आली का पंचाईत! बंद पडलेल्या स्पीकरला दाद, आणि तीही एकाने नाही, दोघांनी. कोपऱ्यात बसलेली मालन पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"काकूंचं राहू दे," ती म्हणाली, "पण काका, तुम्ही कशाला दाद दिलीत?"

"मी सुहासिनीबाईंना दाद दिली," त्र्यंबकराव ताठ बसत म्हणाले.

सुहासिनीबाई पुरत्या पकडल्या गेल्या होत्या. पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सारी नोकरी ऑपरेटर म्हणून काढलेली बाई ती, समोरचा कितीही तापला तरी आवाज हलू द्यायचा नाही ही सवय अंगात मुरलेली. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, ही मुलतानी मी इतक्यांदा ऐकलीय, की स्पीकर थांबला तरी माझ्या डोक्यात चालूच होती. ती तान तिथे येणारच होती."

झालं! जे हसणार होते ते हात जोडायला लागले. "याला म्हणतात मुरणं!" त्र्यंबकरावांनी जाहीर केलं. सोनलने तर लगेच फोन काढला आणि कल्याणला राहणाऱ्या आपल्या मैत्रिणीला हा किस्सा कळवून टाकला. सुहासिनीबाई बिचाऱ्या चहा टाकायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळाल्या.

खरी गोष्ट इतकीच होती, की त्यांना ऐकू येत नव्हतं.

समोर बसून कुणी सावकाश बोललं की कळायचं, टीव्हीचा आवाज वाढवला की थोडंफार उमजायचं. गाणं मात्र वर्षभरात पार विरत गेलं होतं. डॉक्टरांनी दिलेलं मशीन कपाटात पडून होतं. ते कानात घातलं की बोलणं ठणठणीत ऐकू यायचं, पण तंबोरा सुरू झाला की त्या शहाण्या मशीनला वाटायचं ही आपलीच शिट्टी वाजतेय, आणि ते तंबोरा दाबून टाकायचं. तंबोऱ्याला गोंगाट समजणारं यंत्र कानात घालायचं? त्यापेक्षा बहिरेपण परवडलं, असं त्यांनी रागारागात ठरवलं होतं.

आणि हे कुणाला सांगायचं नाही, हेही ठरवलं होतं. कारण बैठक. महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी चारला, नौपाड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत ही चार माणसं जमायची. सुहासिनीबाईंनी गाणं निवडायचं, शेजारच्या सोनलने ते स्पीकरवर लावायचं, त्र्यंबकरावांनी नव्या पुस्तकातली चार पानं वाचायची आणि शेवटी मालनने टीव्ही लावायचा. टीव्ही कसा घुसला, तर मालनमुळेच. विठ्ठलवाडीला तिचं पिको-फॉलचं दुकान. एकदा ब्लाउज द्यायला आली, गाणं चालू होतं म्हणून जरा टेकली, ती कायमचीच. तिसऱ्या बैठकीला म्हणाली, "तुमच्या आवडी मी गप ऐकते ना? मग माझी पण एक घ्या की!" तेव्हापासून नियम झाला: दुसऱ्याच्या आवडीला नाक मुरडायचं नाही, पुरतं बसायचं. सुहासिनीबाईंनी तेवढी पळवाट काढली होती. मालनची मालिका लागली की त्यांना चहाची आठवण व्हायची.

नवरा गेल्यावर, मुलगी परदेशी स्थिरावल्यावर, त्यांचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं. गाण्यातलं सुहासिनीबाईंना विचारा, असं म्हणणारी तीन माणसं. कान गेले म्हटल्यावर ती कशाला येतील? आणि आली तरी कीव करायला येतील. ते तर त्याहून वाईट.

आधण उकळत होतं. खांद्यावर हात पडला तशा त्या दचकल्या. मागे मालन उभी होती.

"मी तीन वेळा हाक मारली," मालन त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाली. "काकू, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"अहो, काकू! सहा महिने झाले, तुम्ही माझ्या सिरियलला बसायला लागलात. आधी कशा पळायच्या! मी तेव्हाच म्हटलं, काहीतरी गडबड आहे."

सुहासिनीबाईंना हसूच आलं. खरंच होतं ते. मालिकेतली थोरली जाऊ चिडली की तिचा चेहरा तीनदा दाखवायचे, एकदा समोरून आणि दोनदा बाजूने. मग धाकटीचा, मग सासूचा. कान लागतातच कशाला? आख्खी भानगड डोळ्यांनी कळायची. आणि काय सांगावं, आवडायलाही लागली होती.

"धाकटीवर अन्याय होतोय गं," त्या म्हणाल्या.

"होतोच आहे! पण विषय बदलू नका. सांगून टाका ना त्यांना."

"नाही. तुला माझी शपथ आहे, मालन."

"मी नाही सांगायची. तुमचं तुम्ही बघा," असं म्हणून मालनने चहा गाळायला घेतला.

बाहेर येतात तर सोनल आनंदाने नुसती उड्या मारत होती. "काकू, कल्पिताचा रिप्लाय आला! माझी मैत्रीण हो, गाणं शिकतेय ती. पुढच्या बैठकीला येऊन गाणार म्हणतेय, आपल्याकडे! ती म्हणते, ज्या बाईंना बंद स्पीकरमधली तान कळते, त्यांच्यासमोर मला एकदा गायचंय. कुठे चुकते ते काकूंनी मला स्पष्ट सांगायचं."

सुहासिनीबाई हातातला कप घेऊन तशाच उभ्या राहिल्या. स्पीकरला खोटी दाद दिली, स्पीकरचं काय बिघडतं? पण एक मुलगी जीव ओतून गाणार, आणि आपण अंदाजाने मान डोलावणार? तिची चूक तिला आपल्यामुळे बरोबर वाटणार? छे. हे त्यांच्याने व्हायचं नव्हतं. बैठक गेली तर गेली.

"बसा सगळे," त्या म्हणाल्या. "मला गाणं ऐकू येत नाही. वर्ष होत आलं."

सोनलचा चेहरा पडला. त्र्यंबकरावांचा चहा बशीत सांडला.

"अहो, पण समेवर तुमचा हात तर बरोबर पडायचा!" ते म्हणाले.

"डोळे थोडे किलकिले ठेवायची. तुमचं बोट खुर्चीवर पडलं की माझा हात पडायचा."

त्र्यंबकरावांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "सुहासिनीबाई," ते म्हणाले, "मी पुस्तकातला माणूस. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. तुमचा हात पडायला लागला की माझं बोट पडतं. पहिल्यापासून."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. हे बाईंच्या मागे आणि बाई यांच्या मागे, वर्षभर!

"अरे देवा," सोनल म्हणाली, "मग ऐकत कोण होतं?"

"मी!" मालन म्हणाली. "मी आपली ऐकत होते. मला काय नावंबिवं माहीत नाहीत, पण गोड वाटायचं."

आणि मग जे हसू फुटलं ते आवरेचना. सुहासिनीबाई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं, हे मालनने बरोबर ओळखून त्यांचा हात धरला.

"कल्पिताला काय कळवू?" सोनलने हळूच विचारलं.

"खरं ते कळव. आणि यायचं असेल तर ये म्हणावं."

कल्पिता आली. पुढच्या महिन्याच्या बैठकीला हार्मोनियम घेऊन स्टेशनवरून रिक्षाने आली, घाबरत सतरंजीवर बसली. गाणं सुरू झालं. सुहासिनीबाईंनी आज डोळे मिटलेच नाहीत. आयुष्यभर गाणं डोळे मिटून ऐकलेल्या त्या बाईने पहिल्यांदाच ऐकणारी माणसं पाहिली. सोनलचे ओठ नकळत हलत होते. त्र्यंबकराव, आता लपवायचं काहीच नसल्यामुळे, मोकळेपणी वाट चुकत होते. आणि मालन! मालनचा श्वास गाण्याबरोबर वर चढत होता, अडकत होता आणि सम आली की खांद्यांतून सुटत होता. इतकी वर्षं ही इथे शेजारी बसून असं ऐकत होती, आणि आपण एकदाही पाहिलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं.

गाणं संपलं. सगळे टाळ्या वाजवत होते. सुहासिनीबाईंनी मशीन कानात घातलं. कल्पिता पुढे सरकली.

"काकू, सांगाल काही?"

"मला ऐकू आलं नाही, बाळा. पण सांगते," त्या म्हणाल्या. "सुरुवात छान झाली, ही सगळी लगेच स्थिर झाली. मध्ये तू लांबवलंस, तेव्हा त्र्यंबकरावांनी दोनदा घड्याळ पाहिलं. तिथे आटोपतं घे. आणि द्रुत सुरू केल्यावर एकदा मालनच्या कपाळाला आठी पडली. काहीतरी निसटलं तिथे."

कल्पिता गोरीमोरी झाली. "निषाद लागला नाही माझा. मला वाटलं, कुणाला कळलं नसेल."

"मला काय माहीत निषाद का काय," मालन घाईघाईने म्हणाली. "जरासं खटकलं, एवढंच."

"आणि आवाज? माझा आवाज कसा आहे, काकू?"

पोरीने विचारलं आणि लगेच जीभ चावली. सुहासिनीबाईंनी मात्र मालनकडे तोंड वळवलं.

"सांग गं. कसा आहे?"

मालनने विचार केला. कापड चाचपून बघावं तसं तिने अंगठा बोटांवर फिरवला.

"नव्या सुती कापडासारखा," ती त्यांच्या डोळ्यांत बघून सावकाश म्हणाली. "चांगल्या पोताचा. पण खळ आहे अजून. चार धुण्यांनंतर अंगाला बसेल."

सुहासिनीबाईंनी डोळे मिटले. त्यांचाही अंगठा बोटांवर फिरला, आणि चहा निवत असूनही कुणी त्यांना हलवलं नाही. मग त्यांनी कल्पिताच्या गुडघ्यावर थाप मारली.

"छान आवाज आहे गं तुझा," त्या म्हणाल्या. "दर महिन्याला येत जा."