एक जानेवारीला जन्मलेली माणसं

“कॉम्प्युटर काय तुमच्यावर डूख धरून बसलाय का, मावशी?” आस्थापनेच्या साहेबांनी विचारलं आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

मावशी हसल्या नाहीत. वॉर्डातून त्या तशाच आल्या होत्या, निळ्या गणवेशात, हाताला फिनेलचा वास. मुठीत निवृत्तीचा आदेश होता. एकतीस डिसेंबरला त्यांची नोकरी संपत होती, कारण मशीनमध्ये त्यांचा जन्म एक जानेवारीचा होता.

“माझा जन्म तेवीस नोव्हेंबरचा आहे, साहेब. अकरा महिने बाकी आहेत माझे.”

त्या अकरा महिन्यांवर सगळं अडलं होतं. नोकरी संपली की महिन्याभरात हॉस्पिटलच्या आवारातली खोली सोडायची. उशिरा झालेली धाकटी लेक इथल्याच नर्सिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तिची परीक्षा ऑक्टोबरात. या शहरात दुसरं छप्पर नाही.

मी मावशींच्या शेजारी उभी होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. साहेबांवर राग होताच, पण त्याहून जास्त स्वतःवर होता. ती एक जानेवारी मी टाकली होती. माझ्या या हातांनी.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी हॉस्पिटलात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचे लाड जावयासारखे चालले होते. त्याला स्वतंत्र खोली, एसी, दाराशी चपला काढायच्या. भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात नातेवाईक वर्तमानपत्रानं वारा घालत बसायचे आणि हा पठ्ठ्या थंडगार. चारशे बारा कर्मचाऱ्यांची सेवापुस्तकं त्यात भरायचं काम माझ्याकडे आलं. खालच्या लोकांच्या पुस्तकांत जन्मतारखेपुढे नुसतं साल, नाहीतर ‘वय अंदाजे’. मशीनला मात्र रकाना रिकामा चालायचा नाही. टँव करून ओरडायचं आणि पुढेच सरकायचं नाही. तेव्हाचे साहेब म्हणाले, “टाका एक जानेवारी आणि चला पुढे. मागाहून दुरुस्त करू.” मी टाकली. दिवसाला चाळीस माणसं उरकायचे. माझा वेग बघायला लोक दारात उभे राहायचे आणि मी हवेत असायचे.

आठ दिवसांनी मावशी शाळेचा दाखला घेऊन आल्या. मी खरी तारीख सेवापुस्तकात पेन्सिलीनं लिहून ठेवली, कारण साहेबांची सही व्हायची होती. सही झाली नाही. साहेबांची बदली झाली. आणि मी विसरले. कामाचा रेटा होता वगैरे म्हणायची सोय आहे, पण खरं ते एवढंच की विसरले.

“सेवापुस्तक काढा,” मी म्हणाले. “माझ्या अक्षरात तारीख आहे त्यात.”

साहेबांनी पडद्यावर पान उघडलं. पुस्तकं स्कॅन करून मूळ कागद तीन वर्षांपूर्वी रद्दीत गेले होते. पेन्सिल स्कॅनमध्ये उमटलीच नव्हती. रकाना पांढराफटक.

“हा घ्या दाखला,” मावशींनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढला.

“दाखला खरा असेल हो. पण तारीख बदलायचा अर्ज नोकरी लागल्यापासून पाच वर्षांत करायचा असतो. केला होता अर्ज?”

“दाखला आणून दिला होता की हिच्याकडे.”

“अर्ज, मावशी. अर्ज.”

“साहेब, चूक माझी आहे,” मी म्हणाले. “लेखी देते.”

“द्या. तुमची चौकशी लागेल. तारीख बदलणार नाही.”

“मग हे तरी बघा.” सकाळी काढलेली यादी मी टेबलावर आपटली. “चारशे बारांपैकी एकशे सत्याऐंशी माणसं एक जानेवारीची. एवढ्या आया काय ठरवून त्याच दिवशी बाळंत झाल्या?”

साहेबांनी यादी वाचली. खरंच वाचली, खालपर्यंत. मग चष्मा काढून म्हणाले, “म्हणूनच तर, बाई. एकाची बदलली की उरलेले एकशे शहाऐंशी, निवृत्त झालेलेसुद्धा, उद्या या दारात उभे राहतील.”

म्हणजे चूक छोटी असती तर सुधारली असती. मोठी झाली, म्हणून नियम झाली! मला त्या माणसाची कॉलर धरावीशी वाटली. त्यानं शांतपणे सांगितलं, “पोर्टलवर तक्रार करा. वरून आलं तर मी पाच मिनिटांत बदलतो.”

लेखी कबुली मी तिथेच खरडली, सही केली, पोच घेतली. मग मावशींना माझ्या टेबलाशी आणून पोर्टल उघडलं. कर्मचारी क्रमांक टाकला. जन्मतारीख मागितली. तेवीस नोव्हेंबर टाकली.

‘अशी नोंद आढळत नाही.’

पुन्हा टाकली. पुन्हा तेच. तक्रार अशी, की तारीख चुकीची आहे. आणि तक्रारीचं दार उघडायला तीच चुकीची तारीख हवी! मी दात-ओठ खात एक जानेवारी टाकली. दार उघडलं. मावशींचा फोटो आला, नाव आलं. मी सगळी हकीकत लिहिली, दाखला जोडला. शेवटी एक चौकट होती. ‘वर दिलेली जन्मतारीख खरी असल्याचे मी जाहीर करते.’ तिथे टिक केल्याशिवाय तक्रार जात नव्हती.

मी ते वाचून दाखवलं.

“हे मी म्हणायचं?” मावशींनी विचारलं.

“नुसती टिक आहे हो. खाली खरं काय ते लिहिलंय सगळं.”

“उद्या हेच काढून दाखवतील मला. तुम्हीच तर जाहीर केलं होतं, म्हणतील.”

“पण नाही केली तर हे अकरा महिने गेले, मावशी. लेकीचं काय?”

त्यांनी दाखला घडी करून परत पिशवीत ठेवला. डोळे भरले होते. “ती मागत नाही माझ्याकडून असलं काही.”

“मग मी करते टिक. पाप माझं.” मी माउस सरकवला.

त्यांनी माझं मनगट धरलं. वॉर्डात माणसं उचलून उचलून कमावलेली पकड. “तेव्हाही तूच केलं होतंस ना, बाई,” त्या म्हणाल्या. एवढंच. रागावून नाही. रागावल्या असत्या तर मला बरं झालं असतं.

हात सोडून त्या उठल्या. “साडेतीन वाजले. बारा नंबरच्या आजींची कूस बदलायचीय.”

मी मागोमाग धावले. जिन्यात बडबडत होते, कोर्टात जाऊ, वरच्या ऑफिसात जाऊ, मी जाते, मी भांडते. त्या ऐकत नव्हत्या असं नाही, पण थांबल्याही नाहीत. वॉर्डात शिरल्या, हात धुतले, आजींच्या कानाशी वाकून “आता जरा वळायचं हं” म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं.

“नुसती उभी राहू नकोस. चादरीचं ते टोक धर. हळू. त्यांची पाठ सोललीय.”

मी टोक धरलं.