टुरानिअसला पाडायचं म्हणून

क्विरिनल टेकडीवर नुमेरिअस वेहिलिअस आणि स्पुरिअस टुरानिअस या दोन सिनेटरांची घरं एकमेकांना चिकटून होती. मधे एकच भिंत. भिंतीच्या अलीकडे कुणाला उचकी लागली तरी पलीकडे तिचा राजकीय अर्थ लावला जाई.

वैर जुनं होतं. तरुणपणी दोघं एकाच पदाला उभे राहिले, टुरानिअस निसटता निवडून आला आणि भर चौकात वेहिलिअसच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वाईट नको वाटून घेऊस, तू अजून लहान आहेस." वेहिलिअस त्याच्याहून वर्षभराने मोठा होता. ती थाप त्याच्या पाठीवरून काही उतरली नाही.

तेव्हापासून त्याचं राजकारण मात्र सोपं झालं. टुरानिअस 'हो' म्हणाला की याचं 'नाही', तो 'नाही' म्हणाला की याचं 'हो'. लोक याला तत्त्वनिष्ठा म्हणत. रोममध्ये एकाच गोष्टीला इतकी वर्षं धरून राहणारा माणूस दुसरा होता कुठे?

वेहिलिअस लोकांचा ट्रिब्यून, म्हणजे सामान्य जनतेचा प्रतिनिधी झाला त्या हिवाळ्यात, उत्तरेला गॉल प्रांतात लढणाऱ्या सेनापतीने सिनेटकडे एक मागणी पाठवली. फौज आणि अधिकार आणखी काही वर्षं आपल्याकडेच असावेत, असं त्याचं म्हणणं होतं. वेहिलिअसला हे मुळीच पटलं नव्हतं. विरोधाचं भाषण त्याने खपून तयार केलं. त्यात पूर्वजांचं रक्त होतं, हाकलून दिलेले राजे होते आणि शेवटी टोगा बाजूला सारून छाती उघडी करायची होती. भिंतीलगतच्या खोलीत जेवताना बायकोसमोर त्याने भाषणाची तालीम केली, आणि स्वातंत्र्याच्या मरणापाशी आला तेव्हा त्याला खरंच रडू फुटलं. पापिरियाने ऑलिव्हची वाटी त्याच्यापुढे सरकवली. "अहो, आधी खाऊन घ्या. स्वातंत्र्य उद्या सकाळपर्यंत टिकेल."

दुसऱ्या दिवशी सिनेटमध्ये टुरानिअस आधी उठला. पूर्वजांचं रक्त आलं. हाकललेले राजे आले. शेवटी त्याने रडत रडत टोगा बाजूला सारून छाती उघडी केली, आणि पांढरे केस असलेली ती छाती बघून सभागृह हेलावलं. टाळ्या थांबेनात.

वेहिलिअस उभा राहिला. तोंड उघडलं. समोर टुरानिअस उपरण्यासारखा टोगा सावरत हसत होता.

"मी," वेहिलिअस म्हणाला, "मी सेनापतींच्या मागणीला पूर्ण पाठिंबा देतो!"

घरी आल्यावर पापिरियाने कपाळाला हात लावला. "काल तर रडत होतात!"

"आज तो रडला ना! आता मी कसा रडू?"

आठवड्याभरात गॉलहून उत्तम दारूचे रांजण आले, सोबत सेनापतीचा गोड निरोप. अशा रीतीने वेहिलिअस सेनापतीचा माणूस झाला. का झाला, हे त्याला स्वतःलाही नीटसं सांगता आलं नसतं.

उन्हाळ्यात टुरानिअस प्रीटरच्या, म्हणजे न्यायाधीशाच्या पदाला उभा राहिला. खडू चोळलेला पांढराशुभ्र टोगा घालून दिसेल त्याचा हात हातात घेत फिरू लागला. या खेपेला तो पडणं कठीण होतं. पण ट्रिब्यूनच्या हातात एक जुनं हत्यार होतं. मतदानाच्या सकाळी त्याने आकाशात वीज पाहिल्याचं जाहीर केलं, की देवांची नाराजी समजून मतदान रद्द!

मतदानाच्या दिवशी आकाश धुतल्या ताटासारखं स्वच्छ होतं.

"वीज पाहिली मी," वेहिलिअस म्हणाला.

"कुठे?" मतदान घ्यायला आलेल्या कॉन्सलने, म्हणजे त्या वर्षीच्या राज्यप्रमुखाने, विचारलं.

"तिकडे."

"तिकडे साधा ढग नाही."

"धर्माला ढग लागत नाही."

मैदान खो खो हसलं, आणि घरी गेलं. पुढच्या तारखेलाही वीज चमकली. त्याच्या पुढच्या तारखेलाही. द्राक्षं काढून झाली, थंडी पडली, तरी वेहिलिअसच्या आकाशातलं वादळ काही शमेना. नवं वर्ष उजाडलं तेव्हा रोमला ना न्यायाधीश होते, ना दुसरे कुणी अधिकारी. ज्यांची भांडणं होती त्यांनी ती काठ्यांनी मिटवली. ज्यांची नव्हती त्यांनी, काठ्या होत्याच हाताशी, म्हणून काढली.

"एकच मालक असलेला बरा," वेहिलिअसची दाढी करता करता न्हावी म्हणाला. "शिव्या कुणाला घालायच्या ते तरी कळतं."

"खरंय बाबा," वेहिलिअस म्हणाला. न्हाव्याच्या दुकानात भागीदारीचं काही वाजलं असावं, असं त्याला वाटलं.

मालक निघालाच होता. फौजेला घेऊन सेनापतीने रोमच्या रोखाने उत्तरेकडची नदी ओलांडली आणि निम्मं सिनेट त्याच्याविरुद्ध फौज उभी करायला ग्रीसच्या वाटेला लागलं. भिंतीपलीकडून पेट्या ओढल्याचे आवाज आले तसा वेहिलिअस स्टुलावर चढला.

"काय रे टुरानिअस, हवापालट?"

"स्वातंत्र्यासाठी जातोय!" टुरानिअस ओरडला. "तुला नाही कळायचं ते!"

"मग चांदीची भांडी कशाला नेतोस? स्वातंत्र्याला वाढणारेस त्यात?"

पुढचे महिने वेहिलिअसच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. सकाळी उठावं, स्टुलावर चढावं, शेजारच्या अंगणात माजलेलं गवत बघावं आणि न्याहारीला बसावं. ग्रीसमध्ये सिनेटची फौज हरल्याची बातमी आली त्या दिवशी त्याने शेजारपाजाऱ्यांना मधाची दारू पाजली. आता प्रीटरचं पद आपल्याच घरात चालत येणार, यात त्याला शंका नव्हती.

टुरानिअस परत आला. सेनापतीने त्याला माफ केलं होतं. आणि नव्या पद्धतीप्रमाणे सेनापतीच्या शिफारशी चौकात वाचून दाखवल्या गेल्या, तेव्हा प्रीटर म्हणून नाव निघालं टुरानिअसचं.

वेहिलिअस तसाच सेनापतीच्या कारभाऱ्याकडे गेला. फिलो नावाचा हा कारभारी काल-परवापर्यंत गुलाम होता. आज सिनेटर त्याच्या दारात बाकावर बसून असत. दुपारी उशिरा वेहिलिअसला आत बोलावणं आलं.

"पहिल्यापासून मी तुमच्या बाजूने!" वेहिलिअस म्हणाला. "तो तर आमच्यावर तलवार घेऊन आला होता!"

"तेच तर," फिलो म्हणाला. "तलवार घेऊन आला, म्हणून त्याला जिंकायला हवं. तुम्हाला काय जिंकायचं? दावणीच्या बैलाला कुणी गूळ दाखवतं का, वेहिलिअससाहेब?"



तरी सिनेट भरतच होतं. आता तिथे विरोध करायला काही नव्हतं, म्हणून दोघांना नवीन रान मिळालं. टुरानिअसने ठराव आणला, की सेनापतींना सोन्याची खुर्ची द्यावी. वेहिलिअस उठला आणि म्हणाला, खुर्चीला मंदिर हवं. टुरानिअसने मंदिराला पुजारी सुचवला. वेहिलिअसने घाम पुसला, क्षणभर छताकडे पाहिलं आणि गर्जला, "रोमचे सगळे अधिकारी पुढच्या दहा वर्षांसाठी सेनापतींनीच आत्ताच नेमून टाकावेत!" सभागृह उठून उभं राहिलं. गॉलहून नवे आलेले सिनेटर, ज्यांना भाषण कळलं नव्हतं, तेही उभे राहिले.

वेहिलिअस जवळजवळ उड्या मारत घरी आला. "लोळवलं त्याला! चेहरा बघायला हवा होतास तू त्याचा!"

"कशावर लोळवलंत?" पापिरियाने विचारलं.

त्याने सांगितलं.

तिने दिव्याची वात सारखी केली. "म्हणजे तुमचीही निवडणूक आता दहा वर्षं नाही."

वेहिलिअस बाकावर बसला. मग चपला काढता काढता म्हणाला, "पण चेहरा खरंच बघण्यासारखा होता."

उन्हाळा आला. पूर्वी ज्या दिवसांत मतदान होई त्या दिवसांत वेहिलिअसचे पाय आपोआप मैदानाकडे वळले. मतदारांना उभं करायचे कठडे सुतार उखडत होते. सेनापतीच्या विजयाचे खेळ व्हायचे होते. तिथे टुरानिअस एकटाच उभा होता.

"इकडे कसा?"

"सहज. तू?"

"मीही सहज."

 मग टुरानिअस खालच्या आवाजात म्हणाला, "परवा मी एक अगदी चुकीचा निकाल दिला. कुणी ओरडलंसुद्धा नाही. तू येत जा ना अधूनमधून. विरोध कर."

"आणि सेनापतीच्या प्रीटरला विरोध केला म्हणून मान कुणाची उडेल? तुझी?"

"पूर्वी छान भांडायचो आपण."

"मी भांडायचो. तू छाती दाखवायचास."

"आणि निरभ्र आकाशात वीज कोण बघायचं, भामट्या? तूच बुडवलंस हे सगळं!"

"मी? भाषण माझं होतं ते! तू आधी उठलास म्हणून!"

"म्हणून काय? मी उठलो म्हणून तू देश विकलास?"

"अरे, आवाज खाली कर!" वेहिलिअसने घाबरून चौफेर पाहिलं. टुरानिअसनेही पाहिलं. ऐकायला कुणी नव्हतं. म्हणून दोघं पुन्हा, पण कुजबुजत्या आवाजात, शिव्यांवर आले. म्हातारपणामुळे मधे मधे एकाला दम लागत होता, तेव्हा दुसरा थांबत होता.

शेवटी खांद्यावर तुळई घेतलेला एक सुतार वैतागला. "ओ आजोबा, काय असेल ते घरी जाऊन भांडा. इथे हत्ती यायचेत."

दोघंही बाजूला झाले. एक डावीकडे, एक उजवीकडे.